कॉलेजात प्रकरण झालं आणि वेटिंग लिस्ट आमच्या ६१ नंबरापर्यंत आली. जागा घ्यावी का?

लोकमान्यनगर_आई | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. उद्या चार वाजेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून एवढ्या रात्री धागा काढते आहे.

माझ्या मुलीची यंदा बारावी झाली. तिला सायकॉलॉजी ऑनर्स करायचं आहे. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची परीक्षा दिली, मुलाखत झाली आणि वेटिंग लिस्टमध्ये ६१ वा नंबर लागला. मागच्या वर्षी त्यांची लिस्ट तिशीच्या आतच थांबली होती, असं तिथे शिकणाऱ्या एका मुलीने सांगितलं, त्यामुळे आम्ही तो विषय मनातून काढून टाकला. इथे इंदूरच्याच एका कॉलेजात फी भरली, पुस्तकांची यादीसुद्धा आणली.

मग मे संपता संपता तिथलं प्रकरण बाहेर आलं. एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींची तक्रार, ती कित्येक महिने दाबून ठेवल्याचा आरोप, गेटवर मुलांचं धरणं. चौकशी चालू आहे, म्हणून विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. कृपया कुणी अंदाजही बांधू नका.

आज रात्री ८:४० ला फोन आला. मी पोळ्या लाटत होते, लेकीने स्पीकरवर टाकला. "मॅम, सीट ओपन झाली आहे, उद्या चारपर्यंत ७५ हजार भरा, नाहीतर पुढच्या कँडिडेटला जाईल." बोलणारी मुलगी नम्र होती. पण तिच्या मागे आणखी चार-पाच जण हेच वाक्य कुणाकुणाला सांगत होते, ते स्पष्ट ऐकू येत होतं. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आला आहे. साठ मुलं जिथून निघून गेली, तिथे मी माझी मुलगी पाठवू का?

ह्यांचं म्हणणं, संधी चालून आली आहे, दवडू नये. लेक काहीच बोलत नाही. प्रवेशाच्या कामातलं कुणी असेल तर सांगा: अशा प्रकरणाने लिस्ट खरंच एवढी सरकते का?

---

रामबागकर | मंगळवार, रात्री ११:५२

ताई, मी २२ वर्षं एका खासगी संस्थेच्या प्रवेश कक्षात काढली. ते फोन मीही केले आहेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, साठ मुलं निघून गेलेली नाहीत. कुठलंही कॉलेज जागांपेक्षा जास्त ऑफर देतं, कारण बोलावलेले सगळे येत नाहीत. शंभरांना बोलावलं तर जितके फी भरून वर्गात बसतात, त्याला आम्ही यील्ड म्हणायचो. समजा १८० जागा आहेत आणि यील्ड ४० टक्के धरून ४५० ऑफर दिल्या. हिशेब बरोबर बसला तर १८० येतात. आता प्रकरण झालं आणि यील्ड ३४ वर आलं. म्हणजे आले १५३, रिकाम्या २७. या २७ भरायला वेटिंगवरच्या २७ जणांना फोन करून भागत नाही. त्यांच्यातलेही तिघांतले दोघे "आमचं दुसरीकडे झालं" म्हणणार. त्याच ३४ टक्क्यांनी गेलात तर जवळजवळ ८० फोन करावे लागतात. तुमच्या ६१ पर्यंत यायला जेमतेम २० जागा रिकाम्या झालेल्या पुरतात. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. वरून सहा टक्क्यांची घसरण दिसते आणि खाली लिस्ट धो धो सरकते.

दुसरी गोष्ट, जागा प्रकरणामुळेच सुटल्या असं फोनवरून कळत नाही. हे दिवसच जागा सुटण्याचे आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांच्या जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाच्या, फेऱ्या जून-जुलैत असतात, सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दिल्ली विद्यापीठाचे दरवाजे उघडतात. २०२४ मध्ये तो निकाल २८ जुलैला लागला, त्या वर्षी अनेकांच्या याद्या उशिरापर्यंत हलत राहिल्या. आपल्या गावातली आयआयएमची पाच वर्षांची आयपीएम घ्या. २०११ पासून चालू आहे, तिथेही वेटिंग लिस्ट असते आणि ती पुढे सरकते. कारण तीच हुशार मुलं चार ठिकाणी निवडलेली असतात, बसणार मात्र एकाच बाकावर.

तरीपण तुमच्या बाबतीत वेळ लक्षात घ्या. बातमी फॉर्म भरण्याच्या आधी आली तर अर्ज कमी होतात. ऑफर आणि फी यांच्या मधे आली तर यील्ड पडतं. फी भरून झाल्यावर आली तर मुलं गुपचूप गळतात, ऑगस्टमध्ये हजेरी घेताना कळतं. मे-जून म्हणजे बरोबर मधला काळ. म्हणून माझा अंदाज, थोडा परिणाम आहेच.

आणि अनुभवाची एक गोष्ट. आधी सोडून जातात ती यादीतली वरची मुलं, कारण त्यांच्या हातात दुसरं काही असतं. ज्यांच्याकडे पर्याय नाही ती राहतात. म्हणून प्रकरणानंतर वर्ग भरलेला दिसतो, पण तो वेगळ्या मुलांनी भरलेला असतो. यात तुमच्या मुलीला कमी लेखण्याचा हेतू नाही. ६१ आणि २० यांच्यात मुलाखतीच्या दोन-तीन गुणांचं अंतर असतं, हे मी खात्रीने सांगतो.

उद्या सकाळी त्यांना ईमेल करा, ४८ तास मागा. देतील. या घडीला त्यांना तुमची गरज जास्त आहे.

---

तुकोगंजवाला | बुधवार, सकाळी ७:३०

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलीचा प्रश्न आहे. गाव परकं, ओळखीचं कुणी नाही, आणि कॉलेजात हे असलं. इंदूरला जागा आहे ना? मग राहू द्या. सुटलेल्या जागेचा मोह कशाला?

---

बॉस्टनहून_मावशी | बुधवार, सकाळी ८:०५

माहेर माझं रामबागेतलं, २००३ पासून इकडे आहे. माझ्या दोन्ही मुलांचे प्रवेश इथेच झाले, म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत आले आहे. भारताला जसंच्या तसं लागू करू नका, पण ऐका.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. मायकल लुका, पॅट्रिक रूनी आणि जोनाथन स्मिथ यांचा. अमेरिकेतल्या वरच्या शंभर विद्यापीठांतली २००१ ते २०१३ मधली प्रकरणं त्यांनी तपासली. जी प्रकरणं फारशी छापून आली नाहीत, त्यांचा अर्जांवर म्हणण्यासारखा परिणाम नव्हता. पण ज्यावर मोठा सविस्तर लेख आला, तिथे पुढच्या वर्षी अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटले. यूएस न्यूजच्या क्रमवारीत दहा पायऱ्या घसरल्यावर जेवढी घट होते, साधारण तेवढीच.

म्हणजे पालक आणि मुलं प्रकरणाला घाबरत नाहीत, प्रकरणाच्या बातमीला घाबरतात. हे वाचून मला वाईट वाटलं होतं. जिथे घडलं पण छापलं गेलं नाही, तिथे सगळे निर्धास्त जातात.

त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की प्रकरण झाल्यानंतरच्या लगतच्या वर्षांत त्या कॉलेजात पुन्हा प्रकरण होण्याची शक्यता कमी होते. कॉलेजं हालचाल करतात. तुकोगंजवाल्या दादांनी याचा विचार करावा.

आता यील्ड. २०२३ च्या शरद ऋतूत हार्वर्डवर एकामागून एक वादळं आली. लवकर अर्ज करण्याची मुदत १ नोव्हेंबर. ते अर्ज आधीच्या वर्षीच्या ९,५५३ वरून ७,९२१ वर आले, म्हणजे १७ टक्के घट. ५ डिसेंबरला कॅम्पसवरच्या ज्यूद्वेषाबद्दल अमेरिकी संसदेच्या समितीपुढची सुनावणी झाली, २ जानेवारी २०२४ ला अध्यक्ष क्लॉडीन गे यांनी राजीनामा दिला. वर्षाचे एकूण अर्ज ५६,९३७ वरून ५४,००८ झाले, म्हणजे सुमारे ५ टक्के कमी. पण ज्यांना प्रवेश मिळाला, त्यांच्यातले ८० टक्क्यांहून जास्त नेहमीसारखेच गेले. ज्याच्या हातात पत्र आहे तो क्वचितच सोडतो. जो अजून फॉर्म भरायचा विचार करतो आहे, तो मात्र सहज दुसरीकडे वळतो.

हेही सांगायला हवं की २०२३ च्याच जूनमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशाविरुद्ध निकाल दिला होता, आणि २०२४ च्या वसंतात सरकारी मदतीच्या फॉर्मचा इतका घोळ झाला की कित्येक कॉलेजांनी १ मेची मुदत पुढे ढकलली. त्यामुळे कुठली घट कशामुळे, हे एका वर्षाच्या आकड्यावरून कुणी ठामपणे सांगू नये.

---

रामबागकर | बुधवार, सकाळी ८:४०

मावशी, फार मोलाचं लिहिलंत. एकच जोडतो. हार्वर्डचं यील्ड हलत नाही, कारण त्याच्या वर जायला जागाच नाही. मधल्या फळीतल्या कॉलेजाचं तसं नसतं. तिथे प्रत्येक मुलाच्या खिशात तेवढ्याच तोलाची दुसरी दोन पत्रं असतात. परिणाम सगळ्यात जास्त तिथेच होतो.

---

डॉक्टर_भंवरकुआं | बुधवार, दुपारी १:१५

ओपीडी संपवून लिहितो आहे. आपल्या शहरात राहून या विषयावर बोलायचं आणि व्यापमचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्याचं, नाव काढायचं नाही, हे मला जमणार नाही.

जुलै २०१३ मध्ये पीएमटीला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, दुसऱ्याच्या नावाने बसायला आलेले लोक इथल्याच हॉटेलांतून पोलिसांनी पकडले आणि तिथून सगळं उघडं पडत गेलं. जुलै २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ मधले ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. एवढं होऊन सरकारी मेडिकलची एकही जागा कुणी आपणहून सोडल्याचं मी पाहिलं नाही. सोडणार कोण? जागा मोजक्या, रांग लाखांची. तिथे यील्ड नावाची गोष्टच नसते.

मी त्याच वर्षांत राज्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात होतो. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर किराणा दुकानात हिशेब लिहायचे, आणि मी दोन वर्षं खोलीत कोंडून घेऊन अभ्यास केला होता. पण लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, रिक्षात, सगळीकडे एकच प्रश्न: "कितीला पडलं?" माझ्या वडिलांसमोर एका नातेवाइकाने तो विचारला. वडिलांनी ताटावरून उठून हात धुतले आणि आम्ही घरी आलो. गाडीवर ते एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून काकू, मी ज्या नजरेने बघतो ते सांगतो. जागा किती सुटल्या हे बघून प्रकरणाचं गांभीर्य मोजू नका. काही ठिकाणी भयंकर घडतं आणि एकही जागा सुटत नाही. आणि कॉलेजावरचा डाग सगळ्यांत आधी त्या मुलांना लागतो ज्यांचा त्यात काडीचा संबंध नसतो. तुमच्या मुलीला पुढची तीन-चार वर्षं हा प्रश्न ऐकावा लागेल. तिची तयारी आहे का, तिलाच विचारा.

---

लोकमान्यनगर_आई | बुधवार, दुपारी ३:२०

रामबागकर काका, ईमेल केला. शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत दिली, तीही वीस मिनिटांत! डॉक्टर, तुमचं लिहिणं ह्यांनी दोनदा वाचलं.

---

मांडवी_बडोदे | बुधवार, रात्री ९:४५

मी इथे फक्त वाचत असते, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. काकू, तुम्ही नाव लिहिलं नाही, पण वर्णनावरून ती बहुतेक आमचीच जागा असेल. आमच्या मुलीने दहा दिवसांपूर्वी अशीच एक जागा सोडली.

लोकांना वाटेल बातमी वाचली आणि पळालो. तसं नाही झालं. तिच्याकडे दुसऱ्या शहरातलीही ऑफर होती, फी जवळपास सारखी, विषय तोच. आम्ही तीन आठवडे घोळत होतो. हिला तिथली लायब्ररी आवडली होती, मला दुसऱ्या शहरात माझी बहीण आहे ते बरं वाटत होतं. काटा अगदी मधे होता. मग ती बातमी आली आणि काटा एका बाजूला झुकला. बातमी नसती तर? खरं सांगते, कदाचित तिथेच गेली असती. बातमी असूनही बहीण नसती तर? तरीही कदाचित तिथेच.

सोडताना फॉर्मवर कारण विचारलं होतं. आम्ही "पर्सनल" लिहिलं. आता वाटतं, खरं कारण लिहायला हवं होतं. त्यांना कसं कळणार?

---

रामबागकर | बुधवार, रात्री १०:१०

बडोदेकर ताई, सगळेच "पर्सनल" लिहितात. आमच्याकडे त्या फॉर्मांचा गठ्ठा असायचा. पण कोणाचा फॉर्म कोणत्या तारखेला आला ते मी वहीत लिहून ठेवायचो, आणि बातमी आल्यानंतरच्या आठवड्यात गठ्ठा जाड व्हायचा. कारण न लिहिता कळायचं. वर कळवायचो, तर उत्तर यायचं, "वेटिंगमधून भरून घ्या." संख्या भरली की विषय मिटला. ही खंत माझ्या मनात अजून आहे. लिस्ट सरकते, म्हणूनच कॉलेजाला चटका बसत नाही.

---

हॉस्टेल_रूम_११४ | गुरुवार, पहाटे १:३०

मी ग्वाल्हेरची, आता दुसऱ्या राज्यात सेकंड इयरला आहे. माझ्या कॉलेजात मी फर्स्ट इयरला असताना असंच झालं होतं. आई म्हणाली परत ये. मी राहिले. मुलींच्या बाजूने सांगते, काय बघायचं ते.

यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. वेबसाइटवरची नावं वाचून थांबू नका. त्यातल्या एका मॅडमना फोन लावा. आमच्याकडे यादीतली एक व्यक्ती कॉलेज सोडून वर्ष झालं होतं.

आणि तक्रार केलेल्या मुलींचं पुढे काय झालं ते विचारा. त्या अजून शिकत आहेत का? परीक्षेला बसल्या का? आमच्याकडे जिने तक्रार केली ती आज वर्गात पहिल्या बाकावर बसते, म्हणून मी तिथे राहू शकले. ती गेली असती तर मीही गेले असते.

---

तुकोगंजवाला | गुरुवार, सकाळी ९:००

रूम ११४, बाळा, हे मला माहीत नव्हतं. मी माझा शब्द थोडा मागे घेतो. माझी पुतणी पुढच्या वर्षी बारावीला आहे. मी आतापर्यंत "जिथे काही ऐकू येत नाही ते कॉलेज चांगलं" असंच धरून चाललो होतो.

---

शेजारचा_सीए | गुरुवार, सकाळी ११:२०

पैशाचं तेवढं लिहितो, बाकी मंडळींनी छान सांगितलं आहे.

दोन्हीकडे फी अडकेल ही भीती बाळगू नका. यूजीसी गेली काही वर्षं फी परताव्याचं परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास १,००० रुपयांपेक्षा जास्त कापायचे नाहीत, असं होतं. चालू वर्षाची तारीख यूजीसीच्या साइटवर पाहून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि टीसी ठेवून घ्यायला २०१८ च्या अधिसूचनेनेच मनाई आहे. दाखवा, तपासू द्या, परत घ्या. रद्द करण्याचा अर्ज ईमेलवरच करा, तारीख आपोआप नोंदली जाते. तोंडी सांगितलं तर महिनाभर "बघतो बघतो" होतं.

७५ हजार भरताना पावतीवर "प्रवेश शुल्क" आहे की "सीट बुकिंग" ते बघा. दुसरं असेल तर आधी खुलासा लेखी मागा.

---

लोकमान्यनगर_आई | शनिवार, दुपारी ४:५०

गुरुवारी रात्रीच्या गाडीने मी आणि लेक जाऊन आलो. जे पाहिलं ते लिहिते.

हॉस्टेलच्या जिन्याखाली तक्रारपेटी आहे. तिचं कुलूप इतकं गंजलं होतं की ते किती काळ उघडलं नसेल याचा अंदाज येत होता. माझा जीव खाली बसला. पण तिच्याच वर, भिंतीवर, नवा छापलेला कागद होता. समितीची नावं, फोन नंबर, आणि खाली पेनाने कुणीतरी लिहिलेलं: "हा नंबर लागतो." रूम ११४ ने सांगितल्याप्रमाणे मी तिथेच उभं राहून फोन लावला. तिसऱ्या रिंगला मॅडमनी उचलला. मी कोण ते सांगितलं, तर म्हणाल्या, "वर या, चहा घेऊ."

त्या वीस मिनिटं बोलल्या. काही गोष्टींवर "चौकशी चालू आहे, सांगू शकत नाही" म्हणाल्या, ते मला पटलं. त्या प्राध्यापकाचे वर्ग काढून घेतले आहेत, हे त्यांनी लेखी दिलं. आधीची तक्रार का दाबली गेली, या प्रश्नावर मात्र त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मी समितीत नव्हते. पण ते चुकलं." एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

मेसमध्ये लेक एकटीच मुलींशी बोलली, मी मुद्दाम बाहेर थांबले. तक्रार करणाऱ्यांतल्या दोघी शिकत आहेत. एक घरी गेली आहे, ती परत येईल की नाही ते मुलींना माहीत नाही. हे लेकीने गाडीत सांगितलं आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

आज सकाळी ती म्हणाली, "आई, मला जायचं आहे. डॉक्टर काकांनी लिहिलेला प्रश्न मला कुणी विचारला तर मी उत्तर देईन." ह्यांनी दुपारी पैसे भरले. पावतीवर "प्रवेश शुल्क" आहे. इथली फी रद्द करण्याचा ईमेलही गेला.

मांडवी_बडोदे ताई, तुमच्या लेकीला आवडलेली लायब्ररी आम्ही पाहिली. खरंच सुंदर आहे, संध्याकाळचं ऊन थेट टेबलांवर येतं.

---

मांडवी_बडोदे | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मुलीला वाचून दाखवलं. मी त्यांना आज ईमेल केला, जागा का सोडली त्याचं खरं कारण लिहून.